छत्तीस सळ्या

बाबालालनं गॅसची नळी जिन्यावरून ओढत गच्चीवर आणली, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि पेटवायच्या आधी मला विचारलं, "वैनी, साहेबास्नी विचारलंय न्हवं?"

"त्यांनीच सांगितलंय," मी म्हटलं. "त्यांच्यानं बघवायचं नाही, म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरला. कोल्हापूरला गेलेत, हयातीचा दाखला द्यायला."

दाखल्याचं तेवढं खरं होतं. बाकीचं मी तिथंच उभ्याउभ्या रचलं. मी जिभेची तिखट, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं, पण खोटारडी नव्हते. त्या दिवशी इतकं सहज जमलं की माझं मलाच नवल वाटलं.

बाबालाल मुल्ला पूर्वी आमच्या यांच्या हाताखाली एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. हे फोरमन. पुढं त्यानं मिरजेतच वेल्डिंगचं दुकान टाकलं. लोखंड हातात धरून ओळखायला त्याला यांनीच शिकवलं होतं. तो एका सळईवरून हात फिरवत म्हणाला, "काय निगा राखलीया बघा. सव्वीस वर्सं झाली, कुटं गंजाचा पापुद्रा न्हाई."

"तू कापणार आहेस की पूजा करणार आहेस?"

"कापतो की. पर एकदा ऐकून घ्या. स्लॅबलगत कापल्या की वर मजला चढायचा न्हाई. जोड द्यायला हातभर सळई तरी वर लागती. मागनं मला बोल लावू नका."

"म्हणून तर लगत काप म्हणतेय."

त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला.

आमच्याकडं घर बांधताना पुढच्या मजल्याची सोय म्हणून कॉलमच्या सळ्या स्लॅबच्या वर तशाच काढून ठेवतात. पोरगा मोठा होईल, त्याचं लग्न होईल, मग त्याच सळ्यांना जोड देऊन वर त्याचं घर. आमच्या घराला नऊ कॉलम, प्रत्येकाच्या चार सळ्या, म्हणजे छत्तीस. स्लॅब पडला त्या दिवशी गवंड्यांना जिलेबी वाटली होती. नंदू तेव्हा सात वर्षांचा होता. नाव अभिनंदन, पण त्या नावानं त्याला फक्त शाळेत हाक मारायचे. ओला स्लॅब वाळल्यावर यांनी त्याला वर नेऊन कोपऱ्यातल्या सळईला लावून उभा केला. बरोबर सळईएवढा भरला. "अण्णा, इथं माझी खोली," तो म्हणाला. बस, एवढंच म्हणाला. सात वर्षांच्या पोराचं बोलणं ते! पण यांनी ते मनात असं धरून ठेवलं की पुढं दर मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, बादलीत सिमेंटचं पाणी कालवायचं आणि ब्रश घेऊन छत्तीसच्या छत्तीस सळ्यांना हात द्यायचा. शेजारी रेडिओ लावलेला. दोन दिवस चालायचं ते काम. त्या दोन दिवसांत या माणसाच्या चेहऱ्यावर जे सुख असायचं ते मी लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितलेलं नाही.

खाली सहा खोल्या. एकेकाळी आमची दोन मुलं आणि यांच्या बहिणींची तीन शिकायला, म्हणजे आंघोळीला नंबर लागायचे. मग एकेक जण गेला. भाचे नोकरीला लागले. त्रिशला लग्न होऊन डोंबिवलीला गेली. नंदू बायकोला घेऊन चेन्नईला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. आम्ही दोघं स्वयंपाकघर आणि मधली खोली एवढ्यातच राहायचो. उरलेल्या चार खोल्या मी नुसत्या झाडायची. कुणी झोपत नाही, कुणी बसत नाही, तरी धूळ कुठून येते हे मला आजवर कळलेलं नाही.

हे दिवस बुडायच्या आत जेवायचे, आम्हा जैनांत तशी रीतच आहे. जेवण झालं की उठून सहाही खोल्यांतले दिवे लावायचे. "अंधार असला की घर ओस वाटतं," म्हणायचे.

"वाटतं कसलं, आहेच की," मी म्हणायची. ते हसायचे आणि पुढच्या खोलीतला दिवा लावायला जायचे.

त्या वर्षी मे महिन्यात मी न्हाणीघरात पडले. मनगट मोडलं आणि गुडघा असा पिरगळला की उठता येईना. ओरडले. पुन्हा ओरडले. हे वर गच्चीवर, सळ्यांना सिमेंटचं पाणी देत. रेडिओचा आवाज मला खाली ऐकू येत होता, माझा त्यांना वर जात नव्हता. साडेअकराला पडले होते. ओल्या फरशीवर पडल्यापडल्या मी आधी देवाचं नाव घेतलं, मग नंदूचं, त्रिशलाचं, आणि शेवटी नुसतं तोंड मिटून रेडिओ ऐकत राहिले. दीड वाजता हे खाली आले आणि मधल्या खोलीतून म्हणाले, "अगं, पान घेतलंस का?"

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगते. मला वाटलं, या माणसाला मी दिसत नाही. याला छत्तीस सळ्या दिसतात.

प्लास्टर निघेपर्यंत त्रिशला येऊन राहिली. जाताना म्हणाली, "आई, सांगलीत लिफ्टचा फ्लॅट बघा. दोन खोल्या पुरेत तुम्हाला. हे घर तुमच्यानं आता होत नाही." मला पटलंच होतं. घराला गिऱ्हाईकंही येऊ लागली. पण हे काय करायचे, आलेल्या माणसाला थेट गच्चीवर न्यायचे. सळ्या दाखवायचे. वर दोन खोल्या, सज्जा, सुनेला येण्याजाण्याला बाहेरून स्वतंत्र जिना, सगळं हातानं हवेत आखून दाखवायचे. तो बिचारा माना डोलवायचा आणि मग हे म्हणायचे, "पण विकायचं नाही हं. नुसतं दाखवलं."

एक डॉक्टर तेवढा चिकाटीचा निघाला. तीनदा आला. तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, नंदू येणार म्हणालाय का?"

"नाही म्हणालाय का?"

"तुम्ही विचारलंय का त्याला?"

"असं विचारतात होय? त्याला वाटलं की तो बोलेल."

"तेहतीस वर्षांचा घोडा झालाय तो. चेन्नईत त्याचं बरं चाललंय."

"म्हणून काय झालं? सळ्या आहेत तोवर सोय आहे. एवढंच."

बापलेकांची ही अशी तऱ्हा. फोनवर पाऊस, तब्येत, गाडीचं ॲव्हरेज, एवढ्यावर बोलणं. एकमेकांवर जीव होता, नाही असं नाही. पण समोरासमोर मनातलं विचारायचं म्हणजे दोघांच्याही तोंडाला कुलूप.

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही विचारलंस नंदूला? बरोबर आहे. मला फोन उचलता येत होता की. पण मला माझा मुलगा माहीत होता. तो "बघू" म्हणाला असता. आणि त्या "बघू"वर यांनी अजून दहा वर्षं काढली असती, आणि मी त्या न्हाणीघरात पुन्हा कधी पडते त्याची वाट बघत बसले असते. मला "बघू" नको होतं. म्हणून मी बाबालालला बोलावलं.

कापायला दोन तासही लागले नाहीत. एकेक सळई तांबडीलाल व्हायची, वाकायची आणि खण्णकन पडायची. मी जिन्याच्या तोंडाशी खुर्चीवर बसून होते. पहिल्या पाचसहांना दचकले, मग सवय झाली. तो नंदूच्या त्या कोपऱ्यातल्या सळईपाशी गेल्यावर मात्र मी म्हटलं, "ही जरा—" बाबालालनं चष्मा वर केला. "ही ठेवायची, वैनी?" एकटी ठेवून तिचा काय उपयोग? "नको. काप." त्यानं कापली. जाताना सगळा भार हातगाडीवर घालून नेला, आणि फाटकातून बाहेर पडताना दोनदा मागं वळून बघितलं.

हे साडेपाचला आले. रोज यायचे तसे फाटकातून सरळ आत आले नाहीत. रस्त्यावरच थांबले. मी खिडकीतून बघत होते. पिशवी हातात, मान वर. आमच्या घराचा माथा सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सपाट दिसत होता. मग ते तसेच जिन्यानं वर गेले. पावलं ऐकू आली, नऊ ठिकाणी थांबली. खाली आले, पाय धुतले, आणि मधल्या खोलीत बसले.

"कोणी सांगितलं?"

मी तयारी करून ठेवली होती. "नंदूचा फोन आला होता सकाळी. म्हणाला, आई, आता मी काही तिकडं येत नाही. सळ्या कापून टाका आणि सोयीचं घर बघा. अण्णांना सांगायचं धाडस होत नाही म्हणाला."

"असं म्हणाला?"

"हो."

"कापून टाका म्हणाला?"

"हो म्हटलं ना."

ते हाताच्या तळव्याकडं बघत राहिले. नंतर एवढंच म्हणाले, "मला सांगायला काय झालं होतं त्याला?"

मी पान वाढून आणलं. ते उठले नाहीत. दिवस बुडाला. दिवस बुडाल्यावर हे अन्नाला शिवायचे नाहीत हे मला माहीत होतं, तरी मी ताट तसंच ठेवलं. मग अंधार पडला. मी वाट बघितली. पण त्यांनी एकाही खोलीतला दिवा लावला नाही. शेवटी मीच उठून मधल्या खोलीतला लावला. उजेडात त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "त्या डॉक्टरला उद्या बोलव."

मला जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोपही छान लागली.

जानेवारीत नंदू चार दिवसांची रजा काढून सामान आवरायला आला. डॉक्टरशी कागद होऊन गेले होते, सांगलीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. बारा गाद्या, पाटा, वरवंटा, लग्नातली मोठी पातेली, भाच्यांची जुनी वह्यापुस्तकं. दोन खोल्यांत काय काय मावणार? मी सरळ बाजूला काढत होते. "हे नको, हे नको, हे कुणाला तरी देऊन टाक." आवाजात माझ्या जोर होता.

नंदूनं बॅग ठेवली आणि चहाच्या आधी गच्चीवर गेला. लहानपणापासूनची सवय, बाहेरून आला की आधी वर. लगेच खाली येईल म्हणून मी चहा गाळला. चहा निवला तरी आला नाही. आला तेव्हा यांच्या समोर बसला, आणि दोघांनी नटबोल्टचे डबे निवडायला घेतले. दिवसभर निवडले. "हा पाना चांगला आहे." "असू दे." "हा गंजलाय." "टाक." तीन दिवसांत बापलेक याच्यापलीकडं बोलले नाहीत. मला वाटलं, आता काय बोलायचं राहिलंय? झालं ते बरंच झालं.

चौथ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. नंदू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"आई, अण्णांनी सळ्या कधी कापल्या गं?"

"नोव्हेंबरात. का रे?"

"काही नाही." त्यानं उंबऱ्यावरचं पीठ बोटानं पुसलं. "आमची कंपनी कोल्हापूरजवळ युनिट काढतेय. मला विचारलंय, जाणार का म्हणून. मी म्हटलं, आधी अण्णांना विचारतो. वर दोन खोल्या काढू का, म्हणून."

माझे हात पिठात तसेच राहिले.

"फोनवर का नाही विचारलंस?"

"हे काय फोनवर विचारायचं आई? म्हटलं, गच्चीवर जाऊ दोघं, सळ्या आहेतच तिथं, तिथंच बोलू." तो हसला, पण ते काही खरं हसणं नव्हतं. "पण त्यांनीच कापून टाकल्या. म्हणजे त्यांचं मन उठलंय. बरोबरच आहे म्हणा, किती वर्षं वाट बघायची माणसानं. पण मला एकदा विचारायचं तरी."

तव्यावरची भाकरी करपली. मला वास येत होता, पण हात हलेना. आता सांग, माझ्या मनात आलं. आत्ता, लगेच. घर गेलं तर गेलं, पण या दोघांना तरी एकमेकांचं कळू दे. नंदू, बाळा, त्यांनी नाही, मी कापल्या. एवढी चार अक्षरं. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि माझ्या डोळ्यांपुढं ती बाहेरची खोली आली. दोघं नटबोल्टच्या डब्यांपाशी शेजारी शेजारी बसलेले, आणि दोघंही माझ्याकडं बघताहेत.

"हो रे," मी म्हटलं. "सळ्यांच्या बुडाशी गळत होतं ना."

"असेल," तो म्हणाला आणि उठला. "तुझी भाकरी जळतेय बघ."

कोल्हापूरला तो गेला नाही. आला असता की नाही, देव जाणे. कदाचित बायकोला पटलं नसतं, कदाचित युनिटच निघालं नसतं. मी हे स्वतःला किती वेळा सांगितलंय याला गणती नाही. काही उपयोग होत नाही.

फ्लॅटमध्ये आम्ही पाच वर्षं काढली. लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडी आहे, हाक मारली की शेजारीण येते. मला हवं होतं ते सगळं मिळालं. हे दिवसभर गॅलरीत बसायचे. समोर एक बांधकाम चाललं होतं, तिथली लोकं सळ्या बांधायची, त्याकडं बघत बसायचे. मे महिना आला की दोन दिवस त्यांना काय करावं सुचायचं नाही. पंख्याची पाती पुसायचे, दाराच्या बिजागऱ्यांना तेल द्यायचे, पुन्हा बसायचे. नंदूचा फोन आला की "तूच बोल" म्हणून माझ्याकडं द्यायचे. पलीकडून नंदूही "अण्णांना दे" म्हणायचा नाही. दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प, असं मी त्रिशलाला सांगायची.

पाचव्या वर्षी यांचं हृदय थकलं. दवाखान्यात ठेवलं. नंदू विमानानं आला आणि कॉटच्या कडेला बसला, सकाळची वेळ होती. मी दुसऱ्या बाजूला. यांना दम लागत होता, पण त्या दिवशी बोलावंसं वाटत होतं.

"ते घर विकलं ते बरं झालं," नंदूकडं बघून म्हणाले. "तू सांगितलंस ते बरं केलंस."

नंदूला काही ते नीट ऐकू गेलं नाही. तो जवळ सरकला, त्यांचा हात हातात घेतला. "अण्णा, मला राग नाही हं. तुम्ही सळ्या कापून घेतल्यात तेव्हाच मला कळलं. तुमचंही बरोबरच होतं."

"मी?"

ते त्याच्याकडं बघत राहिले. मग मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. "मी कापल्या?"

माझ्या हातात पाण्याचा चमचा होता. मी तो त्यांच्या तोंडाशी नेला. "बोलू नका, दम लागतोय. पाणी घ्या आधी." त्यांनी ओठ मिटून घेतले. मी चमचा तसाच धरून ठेवला. अर्धं पाणी हनुवटीवर सांडलं. त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही. मग त्यांनी तोंड उघडलं आणि उरलेलं पाणी घेतलं. नंतर डोळे मिटले.

"काय म्हणत होते?" नंदूनं विचारलं.

"काही नाही रे. औषधाची गुंगी आहे."

पुन्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

फ्लॅटवर आणलं, नातेवाईक जमले. न्यायची वेळ झाली तेव्हा कळलं की लिफ्टमध्ये आडवं माणूस मावत नाही. मग चौघांनी उचलून तीन मजले जिन्यानं उतरवलं. पुढं नंदू होता. वळणावळणावर तो "सावकाश, सावकाश" म्हणत होता, अण्णांना धक्का लागू नये म्हणून. माझ्यानं जिना उतरवत नाही. म्हणून मी लिफ्टनं खाली गेले, एकटीच, आणि फाटकापाशी त्यांची वाट बघत उभी राहिले.